टेप टांगायची कडी

माझ्या दुकानात खिडकीच्या चौकटीला एक कडी आहे. तिच्यात मापाची टेप, मोठी कात्री, पावतीपुस्तकाचा दोरा असं सगळं अडकवलेलं असतं. दुकान म्हणजे बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराचाच पुढचा सोपा. दोन मशिनी, कापायचं लांब मेज, मेजावर शिशाचे छर्रे भरलेल्या चार पिशव्या, आणि ती कडी. पिशव्या कशाला, तर रेशीम कापताना घसरतं, त्याच्यावर ठेवायला. तीस वर्षांत हजारभर बायका ब्लाऊज शिवून घेऊन गेल्या, कडीकडं कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं आहे काय म्हणा त्यात.

यंदा श्रावणात एकानं बघितलं.

सांबऱ्याची एक बाई माझं जुनं गिऱ्हाईक. तिचा नवरा वायुसेनेतनं सार्जंट होऊन निवृत्त झालेला. एरवी तो बाहेर गाडीवरच बसतो. ब्लाऊजच्या दुकानात पुरुषमाणूस शिरत नाही, दारातनंच 'झालं काय?' म्हणून ओरडतो. त्या दिवशी पावसानं असं झोडपलं की बिचाऱ्याला आत यावं लागलं. मी टॉवेल दिला. डोकं पुसता पुसता तो मधेच थांबला.

"अक्का, ही कडी कुठली ओ?"

"टेपची."

"टेपची न्हवं. हे रिपकॉर्डचं हँडल हाय. पॅराशूटचं. जुनं, इंग्रजांच्या वेळचं."

"व्हय. आमच्या आज्ज्याचं."

"पायलट होते?"

"नाही. घड्या घालायचे."

ह्यावर लोक हसतात. हा हसला नाही. त्यानं हात पुन्हा एकदा कोरडा केला आणि मगच कडीला लावला. त्याचा स्वतःचा ट्रेड तोच निघाला. सेफ्टी इक्विपमेंट. सगळी नोकरी दुसऱ्यांची पॅराशूटं बांधण्यात गेलेली.

त्याला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवते. घरात आता हे सांगणारी मीच उरलेय.

आधी कडी. कडी म्हणतो खरं, पण गोल नाही. जाड पोलादी सळई चौकोनी वळवलेली, कोपरे मऊ, चार बोटं आरपार जातील एवढी. वरचा चकचकीत मुलामा बोटांच्या जागी गेलाय, आत काळपट लोखंड दिसतं. एका बाजूला जाडसर बूड आहे, त्यातनं तार निघायची. ती तार आज्ज्यानं कानशीनं घासून तोडली, कारण ती पाळण्यातल्या पोराला लागली असती. आमच्या घरात ही कडी पाळण्याला होती. माळवदाच्या तुळईला दोर, दोराला कडी, कडीला जुन्या शहापुरी लुगड्याची झोळी. माझे वडील, माझ्या दोन्ही आत्या, मग आम्ही तिघं भावंडं, सगळे हिच्याखाली झोपलो. खंडेनवमीला मशिनी, कात्र्यांबरोबर हिलाही हळदकुंकू लागतं. ते आज्जीनं सुरू केलं.

आज्जा विणकर. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. इथनं चालत बेळगावात गेलं की इंग्रजांचा मुलूख. एवढ्याशा अंतरात राजा बदलायचा. १९२४ साली डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते त्यांच्या आयुष्यातलं एकच अधिवेशन. आज्जा तेव्हा चार वर्षांचा. बापाच्या खांद्यावर बसून गेला होता म्हणे. गांधीजी दिसले काय, विचारलं तर म्हणायचा, "पाठ दिसली. बाकी सगळी टोप्याच टोप्या."

असल्या घरातला पोरगा १९४२ च्या शेवटी सरकारी हवाई दलात भरती झाला. बेचाळीसच्या आंदोलनात आमच्या गल्लीतनं पोरं तुरुंगात गेलेली, आणि हा उलट दिशेनं. शेजाऱ्यांनी वर्षभर त्याच्या बापाशी बोलणं टाकलं. पण मागावर बसायला सूत कुठं होतं? युद्धात सुताची टंचाई झाली, होतं ते काळ्या बाजारात. माग उभा तसा उभा. घरात खाणारी नऊ तोंडं. आज्ज्याला कुणी 'तू इंग्रजाची चाकरी केलीस' म्हणालं की तो रागावत नसे. "सूत संपलं होतं," एवढंच म्हणायचा. मला ते उत्तर अजून कुणाच्या भाषणापेक्षा जास्त पटतं.

पहिल्यांदा तो गेला होता कॅम्पात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावातच, इथली पोरं रांग लावायचीच. आज्ज्याची छाती मापात भरली नाही. हवाई दलाला मात्र कारागीर हवे होते. तिथं छाती नाही, हात बघितले. विणकराचे हात. मग रेल्वेत बसून लाहोरजवळ वाल्टनला, आणि तिथनं 'फॅब्रिक वर्कर' होऊन बाहेर. आज्जा 'फ्याब्री' म्हणायचा. मला लहानपणी वाटायचं ते कुठल्यातरी मिठाईचं नाव आहे.

विमानाला कापडवाला कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. हरिकेन नावाचं लढाऊ विमान होतं, त्याचा वैमानिकाच्या मागचा भाग, शेपटीपर्यंत, पत्र्याचा नव्हता. आत पोलादी नळ्या, त्यावर लाकडाच्या पट्ट्या, आणि वरनं ताणून बसवलेलं लिननचं कापड. त्या कापडावर डोप नावाचं औषध लावायचं, ते वाळलं की कापड ढोलासारखं ताठ. गोळी लागली तर पत्रा फाटतो, पिळवटतो. ह्या कापडात नुसतं भोक पडून गोळी पलीकडनं निघून जाते. मग फ्याब्री येतो. भोकाच्या कडा साफ करायच्या, फाटलं असेल तिथं हेरिंगबोन टाका घालायचा, वर झिगझॅग कात्रीनं कापलेलं ठिगळ डोपनं चिकटवायचं. झालं विमान तयार. "साहेब ज्या विमानात बसून जपान्याला मारायला जायचा, त्याला मी ठिगळ लावलंय," असं आज्जा आज्जीला ऐकवायचा. आज्जी म्हणायची, "आणि घरचं धोतर?"

त्या डोपला नेलपॉलिशसारखा वास असतो. हे मला आज्ज्यामुळंच कळलं. धाकटी आत्या नखं रंगवायला बसली की तो उठून मागच्या परसात जायचा. आम्हाला वाटायचं म्हातारा जुन्या वळणाचा, पोरींनी नखं रंगवलेली चालत नाहीत. एकदा मी विचारलंच. म्हणाला, "तसं काय नाही ग. विमानाचा वास येतोय."

पण कडी त्या कामातनं आली नाही. ती आली पॅराशूटमधनं, आणि ते कामही फ्याब्रीकडंच.

इथं मी शिंपीण म्हणून थोडं जास्त लिहिणार आहे, माफ करा. वैमानिकाच्या पॅराशूटचा व्यास चोवीस फूट. चोवीस कळ्या. घागऱ्याला घालतो त्याच कळ्या, फक्त इथं घागरा डोक्यावर. प्रत्येक कळी पुन्हा तुकड्या-तुकड्यांनी जोडलेली, आणि ते तुकडे उरेब कापलेले. उभ्या धाग्यात नाही, आडव्यात नाही, तिरक्यात. का, तर एखादा तुकडा फाटलाच तर चीर शिवणीशी येऊन थांबावी, पूर्ण छत्री उसवत जाऊ नये. उरेब कापड ओढलं की ताणतं, झटका पचवतं. मी कटोरी ब्लाऊजला उरेब पट्टी लावते ती त्याच कारणासाठी. विणकराला मात्र उरेब कापणं म्हणजे पाप. ताणा-बाणा सरळ ठेवायला जन्म घालवायचा आणि कुणीतरी तिरकी कात्री चालवायची! आज्ज्याला पहिल्यांदा ते बघून जिवावर आलं होतं.

कापड रेशमी. आणि ह्या रेशमाची गंमत अशी की युद्धाआधी जगाला रेशीम पुरवणारा सगळ्यात मोठा देश जपान. जपानच शत्रू झाल्यावर रेशीम आणायचं कुठनं? मग आपल्या म्हैसूरच्या रेशमाला पॅराशूटसाठी मागणी आली, काश्मीरच्याही. कानपूरला १९४१ मध्ये पॅराशूटचा सरकारी कारखाना निघाला, तो आजही आहे. बर्मा आघाडीवर तर रसद टाकायला छत्र्या कमी पडल्या तेव्हा जनरल स्लिमनं कलकत्त्याच्या गिरण्यांकडनं तागाच्या पॅराशूट करून घेतल्या. साध्या छत्रीच्या विसाव्या हिश्शात पडायची एक. तागाच्या छत्रीनं तांदूळ उतरवायचा, माणसाला रेशीम. आज्ज्याला ह्या फरकाचा फार अभिमान.

तर ही चोवीस कळ्यांची रेशमी छत्री वैमानिक ज्यावर बसतो त्या उशीएवढ्या पिशवीत कोंबायची. कोंबायची नाही, घडी घालायची. आज्जा 'कोंबायची' म्हटलं की चिडायचा. लांबच लांब मेज. छत्रीचं टोक एका बाजूला बांधायचं, दोऱ्या दुसऱ्या बाजूला ताणून धरायच्या. मग एकेक कळी उचलायची, झटकायची, सरळ करून टाकायची, बारा डावीकडं, बारा उजवीकडं. घसरू नये म्हणून वर शिशाच्या पिशव्या. सगळी रास लांबीत दुमडून अरुंद करायची, मग नागमोडी, पुढं-मागं. दोऱ्या आकड्यानं खणाखणात ओवायच्या, एकीचा दुसरीला वेढा बसता कामा नये. वरनं चार पाकळ्या मिटायच्या, त्यांना अडकवायच्या पिना, पिनांना तार, तारेला ही कडी.

कडी ओढली की पिना सुटतात, रबरी दोऱ्यांनी पाकळ्या फाकतात, आतनं स्प्रिंग लावलेली पिल्लू छत्री उडी मारते, वाऱ्यात भरते आणि मोठीला ओढून बाहेर काढते. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांत. घडी चुकली तर मग चौथं सेकंद मोजायला कुणी राहत नाही.

काम चालू असताना बोलायचं नाही. मधेच उठायचं नाही. उठलास तर पहिल्यापासून. नखं रोज कापलेली, कारण रेशमाला खरडलं की धागा ओढला जातो. बोटात अंगठी नाही. आज्ज्यानं लग्नातसुद्धा अंगठी घातली नाही, सासऱ्यानं दिलेली अर्ध्या तोळ्याची पेटीत राहिली ती राहिलीच. सासरच्या लोकांनी त्याचा भलताच अर्थ काढला. पन्नास वर्षं आज्जी माहेरी गेली की तो विषय निघायचा.

१९४४ च्या सुरुवातीला आज्जा इंफाळला पोचला. अर्जन सिंग, पुढं वायुसेनेचे मार्शल झाले ते, त्यांचा एक नंबरचा स्क्वाड्रन तेव्हा तिथंच हरिकेन उडवत होता. आज्जा त्यांना लांबनं बघितल्याचं सांगायचा, आणि 'उंच होता' ह्यापलीकडं काही सांगायचा नाही. मार्चच्या शेवटी जपान्यांनी कोहिमाकडनं येणारा रस्ता तोडला, तो २२ जूनला पुन्हा उघडला. मधले जवळपास तीन महिने सगळं आकाशातनं. पीठ, दारूगोळा, पेट्रोल, टपाल. शिधा कापला. आणि त्यात पावसाळा. इंफाळचा पाऊस आणि रेशीम ह्यांचं जमत नाही. दमट रेशीम घडीला घडी चिकटून बसतं. छत्र्या ठरलेल्या मुदतीनं उघडायच्या, टांगून वारा द्यायचा, पुन्हा बांधायच्या. वारा द्यायला कोरडा वारा तर पाहिजे! बांबूच्या बाशात, म्हणजे तिकडच्या झोपडीत, पांढऱ्या छत्र्या लोंबकळत असायच्या आणि आज्जा खालनं हात लावून बघायचा, सुकली काय. खानापूरच्या जंगलात पावसाळा काढलेल्या माणसाला कल्पना येईल. आमच्याकडं कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं तर रेशीम.

आमच्या मागच्या गल्लीत मराठा रेजिमेंटचा एक सुभेदार होता, आम्ही सुभेदार आज्जा म्हणायचो. तो चौथ्या बटालियनमधनं सांगशाकला लढलेला. २२ ते २६ मार्च, इंफाळच्या ईशान्येला डोंगरावर, पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर. पाणी नाही, खंदक खणायला माती नाही, खाली खडक. विमानांनी रसद टाकली ती बरीचशी वाऱ्यानं जपान्यांच्या बाजूला गेली. हे दोघं म्हातारे कट्ट्यावर बसले की हटकून तिथंच यायचे.

"तुझ्या छत्र्या जपान्याकडं गेल्या की रे! आमचा तांदूळ त्यांनी खाल्ला."

"त्या आमच्या न्हवं. आमच्या छत्र्या माणसांच्या."

"माणसांच्या काय, तांदळाच्या काय. छत्री ती छत्री."

मग आज्जा उठून जायचा. दुसऱ्या दिवशी परत दोघं कट्ट्यावर.

कडीची गोष्ट आज्जा वर्षातनं एकदा सांगायचा, आणि कधीही वाढवून सांगायचा नाही. म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

पावसाच्या तोंडाला एक हरिकेन परत आलं नाही. वैमानिक अगदी पोरगा. नाव आज्ज्याच्या तोंडी कधीच आलं नाही, 'धाकटा साहेब' एवढंच. हरिकेनचं इंजिन पाण्यावर थंड राहतं. खालनं बंदुकीची एक गोळी त्या नळ्यांना लागली की पाणी गळतं आणि इंजिन काही मिनिटांत भाजून बंद पडतं. तसंच झालं असावं. चार दिवस काही पत्ता नाही. त्याची ट्रंक बांधून घरी पाठवायची तयारी झालेली.

पाचव्या दिवशी सकाळी धाकटा साहेब लंगडत पॅराशूटच्या बाशात उभा. पायाच्या घोट्याला पांढरी पट्टी. दाढी वाढलेली. हातात चिठ्ठी, तिच्यावर नंबर. प्रत्येक पॅराशूटला नंबर असतो, आणि वहीत त्या नंबरापुढं घडी घालणाऱ्याची सही. साहेबानं नंबर वाचला आणि विचारलं, हा कुणी बांधला?

कुणी बोलेना. अशी चौकशी होते ती चांगल्यासाठी होत नाही. ह्या खात्यात चूक केलेल्याविरुद्ध तक्रार करायला तर कुणी माघारी येतच नाही. हा आलाय म्हणजे काय झालं असेल? उशिरा उघडली? दोरी गुंतली? मुकादमानं वही काढली, बोट फिरवत खाली आला, आणि आज्ज्याकडं बघितलं. आज्जा सांगायचा, "पाय माझे नव्हतेच त्या वेळी." उभा राहिला तरी सलाम ठोकायचं विसरला.

साहेब त्याच्यासमोर आला. खिशातनं ही कडी काढली. तेव्हा तार होती तिला, लोंबणारी. आज्ज्याचा हात धरला, त्यात कडी ठेवली आणि बोटं मिटवली. इंग्रजीत बरंच बोलला. आज्ज्याला एकच शब्द कळला, तोही दोनदा म्हटल्यामुळं.

"ओपन्ड. ओपन्ड."

बस. एवढीच गोष्ट. साहेबानं सिगरेटचा एक डबाही दिला. आज्जा ओढत नव्हता, इतरांनी संपवला.

सार्जंटनं ह्यात एक भर घातली, ती मला माहीत नव्हती. तो म्हणाला, "अक्का, कडी हातात राहणं सोपं न्हवं. ओढली की ती तारेसकट सुटून हातात येते, आणि माणूस घाबरून सोडून देतो. खाली जाते. ज्यानं ती धरून ठेवली, त्याचं डोकं ठिकाणावर होतं." म्हणजे चार दिवस घोटा सुजलेला, डोंगरातनं नागा माणसांनी उचलून आणलेला, तो पोरगा ती कडी खिशात घेऊन फिरत होता. छत्री त्यानं गावातच दिली. त्या कपड्याला डोंगरात मोल होतं. एक पट्टी तेवढी फाडून पायाला बांधली होती.

ती पट्टीसुद्धा आमच्याकडं आहे. साहेबाच्या पायाला दवाखान्यात नवं बँडेज बांधलं तेव्हा जुनी पट्टी कुणीतरी कचऱ्यात टाकली, आज्ज्यानं उचलली, धुतली, गुंडाळून ठेवली. का, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला वाटतं त्याला शिवण बघायची असेल. आज्जीनं माझ्या वडिलांच्या वेळी त्याची कुंची केली. कुंचीला बाहेरनं लाल खण, आतनं ते रेशीम. परवा सार्जंट गेल्यावर मी ती ट्रंकेतनं काढून दिव्याखाली धरली. रेशीम पिवळं पडलंय, घडीवर चिरलंय. पण एका कडेला मूळ शिवण शाबूत आहे. दोन्ही कडा एकमेकींत दुमडलेल्या, आतनं एक धागा सुटा नाही, वरनं टिपेच्या रेघा अगदी समांतर. मी मोजपट्टी लावून टाके मोजले. दर इंचाला सारखे. एकही टाका लांबलेला नाही, वळणावरसुद्धा नाही. कुठल्यातरी कारखान्यात मशिनीवर बसलेल्या बाईनं, किंवा बाप्यानं, ते काम केलंय. मला त्या माणसाला नोकरीवर ठेवायला आवडलं असतं. आज्जीचे हाताचे टाके त्याच्याशेजारी, तेही वाईट नाहीत, पण घाईतले.

पॅराशूटनं जीव वाचलेल्यांचा एक क्लबही आहे, हे मला अलीकडं कळलं. १९२२ साली अमेरिकेत हॅरिस नावाच्या वैमानिकानं मोडत्या विमानातनं उडी मारून जीव वाचवला, त्यानंतर तो निघाला. नाव सुरवंटाचं, कारण रेशीम अळीचं. अर्विन नावाच्या पॅराशूटवाल्यानं अशा प्रत्येकाला सोन्याची छोटी अळी द्यायची प्रथा पाडली, कोटाला लावायची पिन. धाकट्या साहेबाला मिळाली असेल तर बरंच झालं. बांधणाऱ्याला अळी द्यायची पद्धत नव्हती. आज्ज्याला सरकारी मिळाला तो बर्मा स्टारचा बिल्ला, सगळ्यांना मिळाला तसा. तो आज्जीनं १९५२-५३ च्या सुमाराला मोडीत घालून तांब्या घेतला. तांब्या अजून वापरात आहे.

माझी एक तक्रार आहे, ती सांगून टाकते. काही वर्षांमागं भाचीच्या शाळेत स्वातंत्र्यदिनाचं प्रदर्शन होतं, घरातल्या जुन्या वस्तू आणा म्हणाले. मी कडी दिली, कागदावर दोन ओळी लिहूनही दिल्या. बघायला गेले तर काचेखाली पाटी: 'दुसऱ्या महायुद्धातील शूर वैमानिकाची आठवण'. आज्ज्याचा पत्ता नाही. सरांना म्हटलं तर सर म्हणाले, "ताई, मुलांना वैमानिक म्हटलं की लगेच कळतं." खोटं काहीच नव्हतं पाटीत. वैमानिकाची आठवण आहेच ती, शूरही असेल. मी काही बोलले नाही. संध्याकाळी मात्र वेळ संपायच्या आधीच कडी काढून घेऊन आले. टेप तीन दिवस कुठं टांगायची कळत नव्हतं, तेही एक कारण.

तर त्या दिवशी पाऊस काही थांबेना. सार्जंटनं मेजावरच्या पिशव्या उचलून हातावर तोलल्या.

"ह्या पण त्यांच्याच?"

"पिशव्या नव्या शिवल्या. छर्रे त्यांचे."

"काहीतरी लांब द्या की अक्का. रेशमी."

फॉल लावायला आलेली एक नऊवारी इरकल होती, तीच हाताशी आली. त्यानं तिचं एक टोक मेजाच्या कडेला दाबलं, दुसरं मला धरायला लावलं. मग झटकून सरळ, वर पिशवी. लांबीत दुमड, वर पिशवी. नागमोडी सुरू झाली आणि माझे हात त्याच्या आधीच पुढं जायला लागले. आमच्या घरात साडीची घडी अशीच घालतात. आज्ज्यानं मला सात-आठ वर्षांची असताना शिकवली, मी माझ्याकडच्या पोरींना शिकवली. मला वाटायचं ही शहापुरी विणकरांची पद्धत. वडगावच्या मावशीकडं वेगळी का, असा प्रश्न पडायचा, पण कोण विचारणार.

एका ठिकाणी त्यानं पिशवी लवकर काढली. मी म्हटलं, "अजून नाही." तो थांबला. पुढची दुमड बसल्यावर मी मान हलवली, मग काढली.

बशीएवढी घडी झाली. त्यानं ती तळहातावर घेतली, मला टोक पकडायला लावलं आणि म्हणाला, "ओढा."

ओढली. एक गाठ नाही, एक अडकणं नाही. नऊवारी मेजावरनं, मशिनीवरनं, पार दारापर्यंत पाण्यासारखी गेली आणि पदर उंबऱ्याबाहेर पागोळ्यांत पडला.

"अय्यो! ओ, लोकांची साडी आहे की ती!" त्याची बायको ओरडली. सार्जंट पदर उचलायला धावला. मी कडीतनं टेप काढली, मेज पुसलं आणि साडी पंख्याखाली टांगली. ओलीची घडी घालत नाहीत.